‘पाताळघंटा’ आणि हैमाचं स्थळ

५ फेब्रुवारी
ठरलं. रविवारी काकिनाड्याची मंडळी हैमाला बघायला येताहेत, त्यांना ‘पाताळघंटा’ दाखवायचा. मुलगी बघायला पाच मिनिटं पुरतात. उरलेल्या वेळात आपण त्यांची अभिरुची बघू. असा मायावी चित्रपट आंध्रात पुन्हा झाला नाही. सुरुवातीलाच राक्षस मरतो, राजपुत्राचं लग्न लागतं आणि तासाभराने राजपुत्र पाळण्यात! काळाची अशी उलटी चाल, तीही त्या जमान्यात!
कामेश्वरी म्हणाली, “अहो, ते मुलगी बघायला येताहेत, राक्षस नाही.” बायकोला कलेचं अंग नाही.

७ फेब्रुवारी
प्रास्ताविक लिहायला घेतलं. उडत्या पलंगाची दोरी दिसते, ती मुद्दाम. माणूस नियतीला बांधलेला आहे, वगैरे. हैमा म्हणाली, “नान्ना, भाषण रद्द करा, तुम्ही म्हणाल त्याच्याशी लग्न करते.” पोरीचा बापावर केवढा विश्वास!

८ फेब्रुवारी
भाषण आटोपशीर करायचं ठरवलं. वीस पानं झाली.

११ फेब्रुवारी, रविवार
मंडळी आली. पुलिहोरा खाऊन झाल्यावर सीडी लावली. राक्षस मरताच मुलाचे वडील घोरू लागले. तृप्ती, दुसरं काय! मुलगा फणींद्र पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. हैमा पाणी द्यायला गेली. दोघंही परतली नाहीत. पाण्याला इतका वेळ?
त्याची आजी सीतारत्नम्मा मात्र खिळून बसलेली. मध्येच म्हणाली, “अरे बाबा, ही तिसरी सीडी आहे. शेवट आधी लावलास.”
मी म्हटलं, वर ठसठशीत ‘एक’ लिहिलंय.
“लिहिणाऱ्याने सिनेमा कुठे पाहिलाय? मी परकरात असताना चारदा पाहिलाय!”
वय झालंय, म्हणून मी वाद घातला नाही. तिने उठून स्वतःच सीडी बदलली. राजपुत्र पाळण्यातून मोठा झाला, राक्षसाला मारलं, लग्न केलं. वडील जागे होऊन टाळ्या वाजवू लागले. एवढी थोर कलाकृती म्हातारीने पार सरधोपट करून टाकली!
भाषण राहिलं.

१२ फेब्रुवारी
भाषण लग्नात करीन. तिथे गर्दीही जास्त असेल.

१४ फेब्रुवारी
होकार आला. दोघांनी स्वयंपाकघरातच ठरवलं होतं म्हणे. हुंडा नको, मानपान नको. एकच अट: वधूपित्याने मांडवात सिनेमाबद्दल बोलायचं नाही. ही अट हैमाने त्यांच्याकडून घालून घेतली, असं कळतं.
मी म्हटलं, विचार करून सांगतो.
कामेश्वरी म्हणाली, “सकाळीच हो कळवलंय. गल्लीत लाडूसुद्धा वाटून झाले.”
डबा उघडून पाहिला. रिकामा.