गारवेलीची संपूर्ण जबाबदारी माझी

१९ जुलै, संध्याकाळ
शाळेला उन्हाळी सुट्टी लागली. पहिलीच्या पालकांनी मुलांच्या गारवेलीच्या कुंड्या घरी न्यायच्या होत्या. सगळ्यांच्या आया आल्या होत्या, बाप मी एकटाच. लेकीची, चिसाची कुंडी सायकलच्या टोपलीत घालून आणली. वाटेत सात पानं गळाली. मुळात जास्तच होती.

बायको, मिहोको म्हणाली, सुट्टीत दोनच कामं आहेत, चित्रांची रोजनिशी आणि ही वेल जगवून परत नेणं. मी लगेच चिसाला शब्द दिला. वेलीची संपूर्ण जबाबदारी बाबांची. चिसा म्हणाली, गेल्या वर्षी माशांचीपण होती. मुलांच्या नको ते लक्षात राहतं.

२५ जुलै
पहिलं फूल आलं. निळं. चिसा शाळेतही बसत नसेल इतकी शांत बसून त्याचं चित्र काढत होती. धाकट्या रोकुने (वय तीन) फूल खायचा प्रयत्न केला. वेळीच आवरला.

२७ जुलै
कोसे बेटावर राहायची सोय असलेल्या खानावळीत खोली मिळाली. दोन रात्री, तीन दिवस. मिनिटामिनिटाचं वेळापत्रक करून लॅमिनेट केलं. यंदा मुलांना बाप म्हणजे काय ते कळेल.

प्रश्न वेलीच्या पाण्याचा. मिहोको म्हणाली, शेजारच्या कुराता आजींना सांगू, त्या घरीच असतात. मी म्हटलं, पंपाच्या कंपनीत अकरा वर्षं काढलेल्या माणसाने शेजारणीला पाणी घालायला सांगायचं? ती म्हणाली, "तू कॅटलॉग छापतोस रे." पंप तो पंप.

रचना: दोन लिटरच्या चार बाटल्या, नळी, थेंब थेंब. एकूण आठ लिटर. पुरेल बहात्तर तास. आम्ही बाहेर तीन दिवस, म्हणजे बरोब्बर बहात्तर तास.

१ ऑगस्ट
चाचणी यशस्वी. खालच्या मजल्यावरच्या बाईंची बाल्कनीत वाळत घातलेली गादी थोडी भिजली.

दुपारी केस कापायला गेलो होतो. तेवढ्यात मिहोको आणि चिसा कुराता आजींना वांगी द्यायला गेल्या आणि मी परत आलो तरी तिथेच होत्या. वांगी द्यायला एक तास. बायकांना वेळेचं गणित नाही.

२ ऑगस्ट, सकाळी ५:४०
यंत्र बसवलं. कुंडीवरची नावाची पट्टी तिरकी दिसली. ओलाव्याने सुटली असणार, दाबून बसवली. वेलही जरा रोडावल्यासारखी वाटली. माझी झोप झालेली नाही. निघतोय.

३ ऑगस्ट, कोसे बेट
वेळापत्रकाप्रमाणे ९:१० ला मुलांना पोहायला शिकवायचं होतं. त्याआधी वाळूवर दहा मिनिटं पाठ टेकली, म्हणजे पोट टेकलं. उठलो तेव्हा साडेबारा. पाठ लाल. रोकुने माझ्या पायांवर वाळूचा डोंगर केला होता आणि वर शिंपले खोचले होते. मिहोको म्हणे, दोघं इतकी रमली की तुला उठवावंसं वाटेना. म्हणजे माझा सहभाग होताच.

४ ऑगस्ट
वादळ बेटाकडे वळलं. बोट बंद.

खानावळीच्या मालकीणबाई म्हणतात, परवा सुटेल, समुद्राच्या मनात असेल तर. माझ्या गणितात समुद्राचं मन धरलेलं नव्हतं. पाणी उद्या सकाळी ५:४० ला संपणार.

५ ऑगस्ट, ५:४०
संपलं.

त्याच दिवशी, दुपार
पाऊस आडवा. मालकीणबाईंनी बांगडा भाजला, भाताचे गोळे केले, पत्ते काढून दिले. मिहोको आणि मुलं हसून हसून लोळत होती. मी खिडकीशी. घरच्या बाल्कनीला छप्पर आहे, त्यामुळे तिकडे पाऊस पडला तरी उपयोग नाही. आमच्या शहरात आज छत्तीस डिग्री, असं मोबाइल सांगतो. चिसा येऊन मांडीवर बसली. म्हणाली, "बाबा, तू नको काळजी करू." किती विश्वास आहे पोरीचा. एक बांगडा जास्त खाल्ला.

६ ऑगस्ट, संध्याकाळी ६
घरी. चपला न काढता आधी बाल्कनी गाठली.

मेली. काडी काडी झाली. नळीच्या तोंडाशी एक मुंगी.

पडदा ओढला. जाहीर केलं की वादळानंतर बाल्कनीची तपासणी होईपर्यंत कुणी जायचं नाही. चिसाने वेलीचं विचारलंसुद्धा नाही. शब्द दिल्याचा हा फायदा.

७ ऑगस्ट
सकाळी सातला रोपांचं दुकान उघडतं. स्क्रू आणायला जातो असं सांगून बाहेर पडलो. गारवेल आणली, पिशवीत लपवून, आणि चिसाच्या कुंडीत लावली. मेलेली कोपऱ्यावरच्या झुडपात. नऊ मिनिटांत काम. मिहोको म्हणाली, स्क्रू मिळाले का. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, नखात माती आहे.

चिसाला बोलावून दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, खूप वाढली. मी म्हटलं, पाण्याचं गणित.

९ ऑगस्ट
फूल आलं. लाल, पांढऱ्या काठाचं.

जेवताना समजावून सांगितलं की मातीतलं आम्ल बदललं की फुलांचे रंग बदलतात. चिसाने मिहोकोकडे बघितलं. मिहोको आमटीच्या भांड्यात बघत राहिली. "एका आठवड्यात?" म्हणाली. मी म्हटलं, समुद्राकडून वारे आले होते ना. रोकु म्हणाला, "हे लाल आहे." त्याला अजून तपशील कळत नाहीत.

१८ ऑगस्ट
चिसा रोज सकाळी साडेसहाला खाली मैदानात रेडिओवरच्या कवायतीला जाते, कार्डावर शिक्का घेऊन येते. हल्ली पाणी घालायची झारीपण नेते. कवायतीला झारी कशाला, विचारलं. म्हणाली, असंच. मुलांचे चाळे.

बाल्कनीतल्या वेलीला मात्र ती क्वचितच पाणी घालते. मला करू देते. मोठी होतेय.

३१ ऑगस्ट
मोहीम फत्ते. वेल काठीच्या टोकाला पोचली. उद्या रविवार, परवा शाळा. कुंडी मीच पोचवणार. या वेळी टोपलीत उशी घालतो.

२ सप्टेंबर, सकाळी ७:३०
कुंडी उचलून दारात उभा राहिलो. चिसा म्हणाली, "बाबा, ती नको." आणि शेजारची बेल दाबली.

कुराता आजी कुंडी धरून बाहेर आल्या. वेल त्यांच्या केसांत अडकली होती. सहा फुलं. निळी. आजी म्हणाल्या, "घे गं बाई तुझी लेक, रोज तुझी वाट बघते."

मिहोकोने जिन्यातच सांगितलं. बेटावर जायच्या आदल्या दिवशी चिसाची वेल आजींकडे गेली. माझ्या यंत्राखाली दुकानातलं रोप ठेवलं, आजींच्या नातवाच्या जुन्या कुंडीत. पहिलीच्या सगळ्यांच्या कुंड्या सारख्याच असतात. फक्त नावाची पट्टी हलवायला लागली. मी म्हटलं, मग स्क्रू आणायला निघालो तेव्हा तरी बोलायचंस. ती म्हणाली, "तुझं तोंड बघवेना रे."

त्याच दिवशी, ऑफिसात
शाळेत चिसाची रोजनिशी दप्तरातून काढून देताना ५ ऑगस्टचं पान उघडलं गेलं. खिडकीशी बसलेला एक माणूस, पाठ लाल. खाली लिहिलंय: "माझं फूल आजींकडे मजेत आहे. बाबांना सांगायचं नाही. त्यांनी खूप मोठं मशीन केलंय. बाबा रडतील म्हणून मी त्यांच्या मांडीवर बसले."

वाईट वाटलं. महिनाभर सहा वर्षांची पोर मला सांभाळत होती आणि मी तिला आम्ल शिकवत होतो. आज कॅटलॉगचं एक पान उलटं छापायला गेलं.

संध्याकाळ
चिसाच्या नावाची पट्टी निळ्या वेलीबरोबर शाळेत गेली. बाल्कनीतल्या लाल वेलीच्या कुंडीवर नवी पट्टी आहे. चिसाचं अक्षर. पहिली, दुसरी तुकडी. बाबा.

पाणी घातलं. झारीने.