कबूल म्हणायला लागलेला वेळ

परंडा
२६ एप्रिल २०१०

प्रिय शिवरंजनी,

माझं अक्षर तू पहिल्यांदाच बघते आहेस. आजवर आपण एकमेकींना लिहिलं ते सगळं टाइप करून आणि तेही इंग्रजीत, कारण गटातल्या बाकीच्यांना मराठी कुठून कळणार? आज शाईच्या पेननं आणि मराठीत लिहिते आहे, तर वाटतंय की आपण खऱ्या अर्थानं आत्ता बोलायला लागलो. सासरी इंटरनेट नाही. मुबीन म्हणाले, पावसाळ्याआधी घेऊ. पण ‘झालं की लगेच सांग, मी वाट बघत्येय,’ असं तू लिहिलं होतंस आणि तुला पावसाळ्यापर्यंत ताटकळत ठेवणं मला जमणार नाही.

काल मुबीनना न्यूजग्रुप म्हणजे काय ते समजावून सांगत होते. म्हटलं, गावात चावडीवर फळा असतो ना, तसं. कुणीही त्यावर चिठ्ठी लावावी, कुणीही खाली उत्तर लावावं. फक्त हा फळा जगभर एकाच वेळी दिसतो, आणि तो बघायची खिडकी आपली इंटरनेट कंपनी उघडून देते. ते म्हणाले, मग तुमच्या फळ्यावर काय असायचं? मी म्हटलं, बोलताना अडखळणारी माणसं. तिथं कुणीच अडखळत नाही. ते म्हणाले, मलाही वाचायला दे कधीतरी.

तुला आठवतं, आपली ओळख कशी झाली? मी बेंबळीची गोष्ट लिहिली होती. खालाकडं, म्हणजे मावशीकडं, बेंबळीला निघाले होते, कंडक्टर तिकिटाला आला आणि ‘बें’ काही केल्या निघेना. मागची माणसं खोळंबली. शेवटी जे नाव जिभेवर आलं त्या पुढच्या गावाचं तिकीट मागितलं, आणि बेंबळीत उतरले तर उतरतानाही त्यानं हटकलं, पोरी तुझं गाव अजून यायचंय म्हणून. कंडक्टरच्याच मुलीची ही तऱ्हा! अब्बांनी सगळी नोकरी गावांची नावं पुकारण्यात घालवली. ते मी मजेनं लिहिलं होतं. त्याखाली परदेशातल्या दोघातिघांची उत्तरं आली, आणि मग तुझं. ‘ही बेंबळी म्हणजे आपल्या धाराशिवजवळची का? मी भूमला राहते.’ मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. साऱ्या जगाच्या फळ्यावर मला माणूस भेटलं ते एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावरचं. तू धाराशिव लिहायचीस आणि मी उस्मानाबाद. बोलताना मात्र मी दोन्ही म्हणते. ज्या दिवशी जे तोंडातून निघेल ते.

खरी नावं सांगितली, पण पत्ते कधी दिले नाहीत आपण. गटात सगळेच खोटे ईमेल पत्ते लावायचे, नको त्या जाहिराती येतात म्हणून. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. फळा होता, रोज भेटत होतो.

लग्न ठरलं तेव्हा घरी सगळे खूश होते. मीही होते. मुबीन बघायला आले त्या दिवशी अम्मीनं मला बजावलं होतं की तू बोलू नकोस, मी सांगते सगळं. पण त्यांनी नाव मलाच विचारलं. ‘मि’वर मी अडकले ती अडकलेच. अम्मी सांगायला पुढं झाली तर मुबीन तिला म्हणाले, त्या सांगतायत ना. एवढंच. मी नाव पूर्ण केलं, त्यांनी त्यांचं सांगितलं, आणि मनातून मी होकार देऊन टाकला.

पण मनातला होकार चालत नाही ना. निकाहात तोंडानं म्हणावं लागतं आणि तो शब्द ‘क’नं सुरू होतो. ‘क’ माझा सगळ्यांत जुना वैरी, तुला माहीत आहे. अम्मीला सांगितलं तर तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, ‘मुंडी हिलाए तो बी होता, बेटा.’ खरंच आहे, मान हलवली तरी चालतं, कित्येक मुली लाजून तेवढंच करतात. पण त्या लाजून करतात, गं. मी लाजून केलं नसतं, भिऊन केलं असतं. लहानपणापासून माझे शब्द दुसऱ्यांनीच पुरे केलेत. अम्मीनं मायेनं, मास्तरांनी घाईनं, दुकानदारांनी कंटाळून. हा एक तरी माझा मी पुरा करावा असं वाटत होतं, आणि होणार नाही अशी खात्रीही होती. म्हणून मी गटात विचारलं. लिहिलं की माझ्या लग्नात मला एकच शब्द बोलायचा आहे आणि नेमका तोच मला बोलता येत नाही, तुम्ही काय केलं असतं?

दुसऱ्या दिवशी उत्तरं बघायला बसले तर गटच नाही. आपला नाही, कुठलाच नाही. ‘सर्व्हर सापडत नाही’ एवढंच सारखं येत होतं.

कंपनीचं ऑफिस आमच्या डीटीपीच्या दुकानापासून फार लांब नाही. जेवणाच्या सुट्टीत गेले. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, न्यू... न्यू... तर तो म्हणाला, न्यूजपेपर? त्याचं ऑफिस खाली आहे. मी मान हलवली आणि परत सुरुवात केली. मग तो म्हणाला, न्यूज चॅनल? ते केबलवाल्याकडं, मॅडम. तुला हसू येत असेल. आत्ता मलाही येतंय. त्या वेळी डोळ्यांत पाणी आलं होतं. पण पुरा शब्द बोलूनच थांबले. मुलगा काही वाईट नव्हता. त्यानं आत विचारून येऊन सांगितलं की ती सेवा फारसं कुणी वापरत नव्हतं, म्हणून पहिल्या तारखेपासून बंद केली. आणि वर म्हणाला, ‘तुम्ही पहिल्याच आलात विचारायला.’

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते तुला मी कधी सांगितलं नाही. दुकानात दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका जुळवायच्या आणि मोकळा वेळ मिळाला की शोधायचं. चौकातल्या सायबर कॅफेत दुसरी कंपनी होती, तिच्याकडं न्यूजग्रुप कधी नव्हतेच. वेबसाइटवरून काही गट वाचता येत होते, पण त्यांत आपला नव्हता. परदेशातल्या काही कंपन्या पैसे घेऊन सगळे गट देत होत्या, त्यांना क्रेडिट कार्ड लागायचं आणि आमच्या घरात ते कुणाकडं असणार? पुण्याला असलेल्या माझ्या भावाला, दानियालला विचारलं. त्यानं त्याच्या ऑफिसात चौकशी केली तर तिथले हसले म्हणे, ही जुनी गोष्ट अजून कोण वापरतं? मला वाटलं, आम्ही वापरतो. ज्यांना फोनवर बोलता येत नाही ते वापरतात.

आणि शिवरंजनी, खरं सांगते, उत्तरांपेक्षा जास्त काळजी मला तुझी लागली होती. तुझीही कंपनी तीच असली तर? तू भूममध्ये आहेस एवढंच मला माहीत होतं. भूमच्या बाजारात उभं राहून कुणाला काय विचारणार होते? आणि कुठल्या तोंडानं?

फुकट सर्व्हरची एक यादी सापडली. त्यातले बहुतेक बंद पडलेले. एक चालू होता, पण तो नुसते संगणकाचेच गट ठेवायचा. शेवटी नॉर्वेतल्या एका गृहस्थांचा सापडला. निवृत्त झालेत, घरातच सर्व्हर चालवतात, ईमेल केला तर नाव आणि पासवर्ड देतात. बाकीचे काय लिहितात ठाऊक नाही, मी त्यांना सगळं लिहिलं. मी कोण, मला काय होतं, मी एक प्रश्न विचारला होता आणि त्याची उत्तरं कुठंतरी आहेत, पण मला दिसत नाहीत. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. नाव, पासवर्ड, आणि खाली एक ओळ, ‘तुमचा गट माझ्याकडे आहे. लहान आहे, पण मी तो ठेवला आहे.’ ती ओळ मी अब्बांना मराठीत करून सांगितली. ते नुसते म्हणाले, ‘अल्ला त्या माणसाला सलामत ठेवो.’

गटांची यादी उतरायला खूप वेळ लागला. आमच्या दुकानाचे मालक गौरीशंकरकाका दुकान बंद करायचे थांबून माझ्या मागं उभे होते. हजारो नावं वर सरकत होती आणि मग आपलं आलं. उघडलं. माझा प्रश्न होता तिथंच होता आणि त्याखाली उत्तरं लागली होती. स्कॉटलंडच्या आजोबांनी त्यांच्या लग्नाची गोष्ट लिहिली होती, पाद्रीबाबा त्यांच्याबरोबर घामाघूम झाले ती. कुणी श्वास कसा घ्यावा ते लिहिलं होतं. आणि मग तू. माझं उत्तर आलं नाही म्हणून तू परत परत लिहिलं होतंस. मिनाज, वाचलंस का? मिनाज, बरी आहेस ना? मिनाज, कुठं गेलीस? गौरीशंकरकाकांना इंग्रजी फारसं येत नाही, पण मला रडताना बघून त्यांनी पंखा वाढवला आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. त्यानंतर मात्र आपण पहिल्यांदा एकमेकींना घरचे पत्ते दिले.

तुझं पहिलं उत्तर मला पाठ आहे. तू लिहिलं होतंस की शब्द गुळगुळीत निघायला हवा, की तुझा निघायला हवा, ते आधी ठरव. अडकलीस तर अडक. त्यांना थांबू दे. आणि शेवटी, ‘जेवणं निकाहानंतरच असतात ना? मग कोण उठून जाणार आहे?’

आता सांगते कसं झालं ते. बायकांच्या खोलीत मी बसले होते, अम्मी शेजारी. काझीसाहेब, वकील म्हणून, म्हणजे निकाहात माझ्या बाजूनं उभे राहणारे, माझे मामू आणि दोन साक्षीदार आले. काझीसाहेबांनी मुबीनचं नाव घेतलं, त्यांच्या वालिदांचं घेतलं, मेहरची रक्कम सांगितली आणि विचारलं, कबूल आहे? मी तोंड उघडलं आणि ‘क’ दाराशी उभा राहिला. निघेना. मानेच्या शिरा ताणल्या, डोळे मिटले गेले, ते सगळं झालं जे आरशात बघायची मला हिंमत होत नाही. कुणाच्यातरी बांगड्या वाजल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, लाजतेय. मामू म्हणाले, बेटा, मान हलव. अम्मी माझ्यासाठी तो शब्द बोलायला लागलीच होती, तिचे ओठ हललेले मला दिसले. मी तिचा हात धरला आणि दाबला. ती थांबली. शिवरंजनी, माझी अम्मी थांबली. सगळी खोली थांबली. बाहेर आचाऱ्यानं कुठल्यातरी भांड्यावरचं झाकण खाली टाकलं, त्याचा दणदणीत आवाज आला आणि मला तुझं जेवणांचं वाक्य आठवलं. हसू फुटलं, आणि त्या हसण्याबरोबर निघालं, क, क, कबूल है.

दुसऱ्यांदा त्याहून सोपं गेलं. तिसऱ्यांदा मात्र सगळ्यांत वाईट. तुला खोटं सांगणार नाही. तुकडे तुकडे होऊन आलं ते, आणि फार उशिरा आलं. पण आलं. काझीसाहेब म्हातारे आहेत. त्यांनी घाई केली नाही, डोळे मिटून बसून राहिले, जणू अजान ऐकतायत. अब्बा पडद्याच्या पलीकडं उभे होते. निरोप देताना मला जवळ घेऊन म्हणाले, ‘तीनदा ऐकू आलं. पार मागच्या सीटपर्यंत.’

तू आली नाहीस. पत्रिकेच्या उत्तरात तू लिहिलंस की लग्नात प्रत्येकजण विचारतो, तुम्ही कुणाकडच्या, नाव काय, आणि ‘शि’ काढताकाढता पंगत उठते. मी रागावले नाही. मला समजतं ते, दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त. फक्त शब्द निघाल्यावर मी खोलीभर नजर फिरवली होती. तुला मी ओळखलंही नसतं, तरी फिरवली.

आता परंड्याहून भूम जवळ आहे. एक दिवस मी येईनच. पण त्याआधी तुझ्याकडं एक मागायचं आहे आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. मुबीननी मला मोबाइल घेऊन दिला आहे, नंबर पत्राच्या मागं लिहिला आहे. तो मी तुझ्याशिवाय बाहेरच्या कुणाला दिलेला नाही. मला फोन कर. तू फोनला हात लावत नाहीस, मला ठाऊक आहे. पलीकडचे हॅलो हॅलो करतात आणि कुणी बोलत नाही म्हणून ठेवून देतात, तेही ठाऊक आहे, माझेही तसेच ठेवलेत लोकांनी. मी ठेवणार नाही. मी हॅलोसुद्धा एकदाच म्हणेन, आणि तेही मला निघालं तर. मग आपण दोघी गप्प बसू, पाहिजे तितका वेळ. नाव सांगायची गरज नाही. नुसता श्वास ऐकू आला, तरी मला कळेल की तू आहेस.

तुझीच,
मिनाज