जोवर हे काळीज धडधडतंय

१२ नोव्हेंबर, अस्यूत

पोहोचलो! सोहागची गाडी वेळेवर आली हा पहिला चमत्कार, आणि खोली नाईलच्या बाजूची मिळाली हा दुसरा. रिफाईने खिडकी उघडली, खालून तळलेल्या माशाचा वास आला, आणि माझ्या या नवऱ्याने तिथल्या तिथे नर्सला ताकीद दिली, की शुद्धीवर आलो की पहिला मासा, मग बायकोचं तोंड. नर्सचं नाव करिमान. तिने मला विचारलं, बाई, हे नेहमीच असे का? मी म्हटलं, तीस वर्षं.

शस्त्रक्रिया एकोणीसला. काळजाची झडप बदलायची. त्याआधी रक्त देणारे सहाजण आपणच आणायचे, अशी इथली रीत. सहा काय, साठ आणीन! उभा जन्म शाळेत आणि सभांत बोलण्यात गेला. माझी हाक वाया जात नाही.

१४ नोव्हेंबर

रिफाईचा रक्तगट दुर्मीळ निघाला, ओ निगेटिव्ह. गावाहून मिनीबस भरून माणसं आली, त्यांतली पाच जुळली. सहावा ऐन दिवशी ताजं रक्त द्यायला इथेच हजर हवा.

मला शहात आठवला. अकरा वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून त्याने माझ्या थोरल्या दिराला, खलफला, कुदळीने मारलं. मग दोन्ही घराण्यांतली आणखी चार माणसं गेली. शेवटी शहात स्वतःचं कफन हातांवर घेऊन, अनवाणी, साऱ्या गावादेखत रिफाईपुढे आला. रिफाईने ते स्वीकारलं आणि वैर मिटलं. तेव्हा रिफाई जे बोलला ते मी लिहून दिलं होतं: "जोवर माझ्या छातीत हे काळीज धडधडतंय, तोवर शहातच्या केसालाही धक्का लागणार नाही." मोठमोठे मिशाळ रडले होते. आजही ते वाक्य आठवलं की माझी मान ताठ होते.

समेटाच्या कागदांत शहातचं सैन्यातलं ओळखपत्र होतं. त्यावर हाच गट. तो आता मिन्या शहरात राहतो, तिथे मी फोन लावला. तो रडू लागला. म्हणाला, ताई, मी त्याच्याच उपकारावर श्वास घेतोय, हवं तेवढं काढा.

सूड म्हणजे मर्दानगी नव्हे, तो बापाने पोराला दिलेला रोग आहे. हे मी चौकाचौकांत सांगितलं. आता दाखवून देईन. मारणाऱ्याचं रक्त मरणाऱ्याच्या भावाला वाचवेल!

१६ नोव्हेंबर

सासूबाई आल्या, हज्जा नफूसा, आमच्या अम्मा. सोबत धाकटा दीर दाही, टोपलीभर उन्हात फुगवलेली भाकरी आणि एक मेंढा. भाऊ वाचला तर दवाखान्याच्या फाटकापाशीच कापायचा, असा नवस. सुरी त्याने कापडात गुंडाळून आणली आहे. दाही म्हणाला, हा मेंढा भावापेक्षा वजनदार, आणि डॉक्टरचं ऐकतोही जास्त. अम्मांनी दवाखान्याचं सूप चाखलं आणि विचारलं, हे प्यायचं की याने पाय धुवायचे?

शहात येणार हे मी सांगून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही. दाही मेंढ्याची दोरी वळत राहिला. खलफ गेल्यापासून अम्मांनी त्याचा दुखवटा घेतलेला नाही. सूड झाल्याशिवाय आमच्याकडे सांत्वनाला आलेल्यांना दार उघडत नाहीत, बिनसाखरेची कॉफी देत नाहीत. मला धास्ती होती. पण त्या एवढंच म्हणाल्या, की माझ्या पोराने शब्द दिलाय, आणि शब्द म्हणजे शब्द. मी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं.

१८ नोव्हेंबर

सर्जनने सगळं समजावलं, आणि मी ते घरच्यांना वहीत चित्र काढून समजावलं, जसं पोरांना शिकवते तसं. काळीज थांबवतात. पार थांबतं. तेवढा वेळ यंत्र रक्त फिरवतं. मग पुन्हा सुरू करतात.

दाहीने तीनदा विचारलं, "वहिनी, पार थांबतं? धडधड अजिबात नाही?" मी म्हटलं, अजिबात नाही. किती वेळ? दीडेक तास. आणि थांबलं हे बाहेर कळतं कसं? करिमान येऊन सांगेल. अम्मांनी चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, बाई गं, केवढं शिकलीस तू.

किती काळजी आहे बिचाऱ्यांना.

१९ नोव्हेंबर, सकाळी सात

रिफाईला नेलं. जाताना मला म्हणाला, भाषण करू नकोस, मासा आण.

सव्वानऊ

शहात आला. केस पांढरे झालेत. अम्मांकडे मान वर करून पाहिलं नाही. तळमजल्यावर रक्त देतोय. पहिली पिशवी मी स्वतः वर पोचवली. दुसरी साडेदहाच्या सुमारास काढणार.

दहा पंचवीस

करिमानने दार उघडून सांगितलं, काळीज थांबवलं, सगळं ठीक. मी देवाचे आभार मानले. दाही उठला. मेंढा बघून येतो म्हणाला. कापडाचं गाठोडं घेऊन गेला.

दहा पन्नास

अम्मा कॉफी ओतताहेत. टोपलीतून, भाकरीखालून थर्मास काढला. गावची माणसं आलीत, सगळी काळ्या कपड्यांत. एक घोट घेतला — साखर नाही. मी ओरडले, रिफाई मेलेला नाही! अम्मा शांतपणे म्हणाल्या, "त्याची नाही गं ही. माझ्या खलफची."

खाली धावते —

अकरा दहा

सुई अजून शहातच्या दंडात होती. गळा कानापासून कानापर्यंत. मान किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला वळवलेली, जनावराची वळवतात तशी. भिंतीवर, छतावर — दुसरी पिशवी फाडून टाकली होती, थेंबही भावात जाऊ नये म्हणून. खिडकीतून मेंढा दिसत होता. चरत होता.

मी किंचाळले. सारा दवाखाना पळाला. पहारेकऱ्याने आपल्या चौकीत शिरून आतून कडी लावून घेतली. पोलीस निघालेत म्हणे. माझा आवाज गेला. पुरता गेला.

अकरा पस्तीस

दाही वर बसलाय. लोक त्याच्या ओल्या हातात हात देतात. कॉफी पितात. मला म्हणाला, "वहिनी, तुमचं वाक्य मला तोंडपाठ आहे. जोवर धडधडतंय तोवर. थांबलं होतं ना? मी शब्द मोडला नाही."

माझं वाक्य.

अकरा अठ्ठेचाळीस

करिमान हसत बाहेर आली. तिला काहीच ठाऊक नाही. काळीज आपणहून सुरू झालं! म्हणाली, शहातच्या ताज्या पिशवीने कमाल केली, ठोका काय सुरेख —

आधीच वर गेलेल्या पहिल्या पिशवीचं दाहीला ठाऊक नव्हतं.

अम्मांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "म्हणजे तो शहात अजून जिवंत आहे. माझ्या पोराच्या अंगात."

दाहीने सुरी अंगरख्याला पुसली —

बारा

करिमानला पुन्हा ऑपरेशनच्या खोलीत ढकललं. दाराला कडी नाही. बाहेरून त्याला पाठ लावून बसले आहे. आवाज नाही म्हणून लिहिते. ज्याला वही सापडेल त्याने सांगावं, ते वाक्य माझं होतं, रिफाईचं नव्हे —

पावलं. एकट्याची नाहीत.

आतून ठोके ऐकू येतात. यंत्राचे. एक, एक, एक —

अम्मा माझं नाव घेताहेत, लाडाने —

देवा, हे दार आतल्या बाजूला उघ