नव्या कॅमला जुने टॅपेट

प्रिय दादा,

तू गेल्याला वर्ष होत आलं आणि मी तुला आज पहिल्यांदा लिहितोय. आठवण येते म्हणून नाही, ती तर रोज येते. आज मला तुझा राग आलाय. आणि खरं सांगू? वहिनींचा हेवा वाटतोय. तात्यांची जीप सकाळी आपल्या गॅरेजमधून उमरठला गेली. त्यानंतर वहिनी मला जे बोलल्या, त्याबद्दल तुला विचारल्याशिवाय राहवत नाही.

उमरठचे तात्या विसरला नाहीस ना? मुंबईची नोकरी संपवून गावी आलेले, जुनी पेट्रोल जीप अजून नव्या नवरीसारखी जपणारे! तीन लाख किलोमीटर झालेत तिला. पोलादपूरहून माणसं आणि पेंडीची पोती घेऊन वर चढताना धापा टाकते, म्हणाले. कॅमशाफ्ट झिजलेलाच होता. तेव्हा मीच सुचवलं, नवा घालायचाच तर जरा जास्त उचल देणारा घालू, व्हॉल्व्ह जास्त उघडतील, चढाला ताकद येईल.

तुझ्याशिवाय घेतलेलं माझं पहिलं मोठं काम होतं ते. लोकांनी म्हणावं, धाकटा थोरल्याच्या वरचढ निघाला, एवढीच हौस. हो, तुझ्यावरही जळायचो मी. आता लपवून काय करू?

कॅमशाफ्ट पुण्याहून आला. मी तो टेबलावर ठेवून कौतुकाने बघत होतो, तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या.

"भावोजी, ह्यो एकटाच आलाय?"

"एकटाच म्हणजे?"

"स्प्रिंगा कुठं हायत? टॅपेट? एवढं चाललेलं इंजिन, आधी कंप्रेशन तरी बघितलंत काय?"

पदराला हात पुसत विचारलं रे त्यांनी! जणू भाजीला मीठ घातलंत का, असं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पंधरा वर्षं तुझ्या हाताखाली पाने पुसले मी, आणि इंजिनाचं शहाणपण गेलं ओटीवर कुळीथ निवडणाऱ्या बाईकडे?

मला सगळं आठवलं. गॅरेज बंद केलं की मी मागच्या खोलीत जायचो आणि तुम्ही दोघं ओटीवर जेवायला बसायचात. तुझा आवाज भिंतीपलीकडून यायचा, शब्द कळायचे नाहीत. दिवसभर माझ्याशी "तेरा नंबर दे" आणि "बाजूला हो" यापलीकडे न बोलणारा माणूस तिथे तासभर बोलत बसायचा! काय बोलायचास एवढं? मी तेव्हाही कुढायचो, दादा.

"गाडीचं माझ्याकडे राहू दे, वहिनी," मी म्हणालो. त्या गेल्यावर मात्र गुपचूप कंप्रेशन तपासलं. बरं निघालं, सिलिंडर अजून दाब धरून होते. मग नव्या स्प्रिंगा मागवल्या, कारण जुन्या तापून तापून ढिल्या झालेल्या असणार. टायमिंग चेन मागवली, सील, गॅस्केट, ऑइल पंपसुद्धा. कॅम ज्यांना उचलून व्हॉल्व्ह उघडतो, ते टॅपेट तेवढे मागवले नाहीत.

कारण टॅपेटचं मला पाठ होतं! इंजिन खोललं की तू अंड्यांचा ट्रे घ्यायचास, एकेका खळग्यावर नंबर टाकायचास, आणि निघालेला टॅपेट त्याच्याच खळग्यात ठेवायचास. इकडचा तिकडे झाला तर माझा कान तुझ्या हातात. मीही तसंच केलं. आठही टॅपेट पुसून, नंबराप्रमाणे, जिथले तिथे बसवले. त्या दिवशी मला तुझी फार आठवण आली होती रे.

आठवड्यात तात्या आले, इंजिनात टकटक घेऊन. खोललं तर नव्या कॅमचा एक उंचवटा खरवडून सपाट झालेला, आणि ऑइलमध्ये लोखंडाची चमचम.

तात्या ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुझा दादा आसता तर आसं नसतं झालं," म्हणाले. "आता एकदा बघ. नाय जमलं तर मी गाडी पनवेलला नेतो." तात्या गेले की उमरठ गेलं, उमरठपाठोपाठ शिवथर आणि तुडीलही. मग तुझ्या गॅरेजला कुलूप लावून मी कुणाकडे नोकरी मागायची?

शेवटी ओटीवर गेलो. वहिनींनी मान वर न करता सांगितलं.

"जुना टॅपेट जुन्या कॅमवर घासून त्याच्यापुरता बसलेला आसतो. तोच कॅम परत घालायचा आसंल तर ज्याची जागा त्याला द्यायची, म्हणून तो ट्रे. कॅम नवा तर टॅपेट नवे. जुना नव्याला खातो. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर वीस मिनटं मंद सोडायचं नाय, रेस धरून ठेवायची."

पंधरा वर्षं मी तो ट्रे भरला, दादा. कशासाठी भरायचा ते तू वहिनींना सांगितलंस!

सगळं परत खोललं, धुतलं, नवा कॅम, नवे टॅपेट. आज सकाळी जीप गेली आणि दहाच्या सुमारास तात्यांचा फोन आला, "भरलेल्या गाडीनं चढ काढला रे, गिअर पाडावा लागला नाय!" आनंदाने उडी मारायची ती वेळ. मी मात्र वहिनींसमोर जाऊन उभा राहिलो आणि पोटातलं सगळं ओकलो. दादाने विद्या तुम्हाला दिली, मला नुसती हमाली दिली, असं म्हणालो.

त्या आधी हसल्या. मग डोळ्याला पदर लावला.

"मला कुठं शिकवलं ह्यांनी? जेवताना रोज तुमचंच चालायचं. आज सुन्या हे विसरला, उद्या ते विसरंल. ह्याच्या हातात कधी नवा कॅम आला तर हा गडी जुनेच टॅपेट घालंल, बघ तू. ऐकून ऐकून माझ्या ध्यानात राहिलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की तुमी दोन दोन दिस रुसायचात. तुमचा अबोला ह्यांना सोसायचा नाय, भावोजी."

म्हणजे भिंतीपलीकडे रोज तासभर माझंच नाव होतं? आणि मी इकडे जळत बसलो होतो! पण दादा, तूही चुकलास. कान पिळायचास ना, मग सांगायला काय झालं होतं? रुसलो असतो, दोन दिवसांनी बोललोही असतो. वहिनींना तू रोज ऐकू आलास. मला आवाज आला नुसता. यासाठी मी अजूनही जळतो त्यांच्यावर.

एक शब्द देतो. आजपासून गॅरेज बंद झालं की मी ओटीवर जेवायला बसणार. तू माझ्याबद्दल काय काय बोललास ते वहिनींकडून ऐकणार, एकेक चूक, सगळ्या संपेपर्यंत. आणि रुसणार नाही.

तुझाच,
सुन्या