सहाशे नग

सातपूर, नाशिक
१० ऑगस्ट २००५

प्रफुल्लदादास,

चैतालीचा नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, तिकडचं कळव, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिलं. इकडे काही ठीक नाही आणि तिकडचं मला कळवू नकोस. आईचा गुडघा आहे तसाच आहे.

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. चकचकीत पुस्तिका, तिच्यावर तुझं नाव, आणि आत बाबांनी सही करायचं टाइप केलेलं पत्र: 'या नव्या पद्धतीमुळे माझ्यासारख्या लहान पुरवठादाराचं काम सोपं झालं.' पुण्याच्या परिषदेत पडद्यावर दाखवायला तुला एक समाधानी म्हातारा हवा आहे. लाज कशी वाटली नाही रे तुला?

पुस्तिका मी अथपासून इतिपर्यंत वाचली. तिसरं प्रकरण, 'ठोकळा एक, कागद अनेक.' वा! दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आपल्या कारखान्याच्या शेडमध्ये ऑर्डर, चलन, बिल, परत आलेल्या मालाची पावती, सगळं जमिनीवर पसरून कोण बसलं होतं? तू संगणकासाठी प्रत्येक कागदाचा वेगळा साचा काढत होतास. मी म्हटलं, अरे, नाव-पत्ता सगळीकडे तोच, मालाचं वर्णन तेच, किती माल तेही तेच. एकेक ठोकळा एकदाच नीट बनव आणि लागेल त्या कागदात बसव. तू कपाळावर हात मारलास. मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर आपण चौदा ठोकळे काढले. बाबा पत्रा दाबायच्या प्रेसवरून ओरडले होते, "भांडता बी लय अन् काम बी लय करता रे दोघं!"

आभाराच्या पानावर तुझा साहेब आहे, साहेबांच्या सौ. आहेत. मी नाही.

असो. नावाचं राहू दे.

त्या चौदांत एक ठोकळा 'संख्या' होता. त्याचे दोन भाग: किती, आणि काय. मी तेव्हाच सांगितलं होतं, आपले गाडीच्या दाराचे ब्रॅकेट जोडीनं जातात, एक डावा, एक उजवा. 'काय' हा रकाना कधी रिकामा राहू देऊ नकोस. तुला घाई होती. रकाना रिकामा असला तर 'नग' धरावं, असं तू ठरवून टाकलंस. आणि तोच ठोकळा सगळ्या कागदांत बसवलास. डिसेंबरात आपला माल घेणाऱ्या गाडीच्या कंपनीतल्या माणसानं सहाशे जोड्या मागताना नुसतं सहाशे टाकलं. ऑर्डरमध्ये नग, चलनात नग, बिलात नग. कागद एकमेकांशी इतके जुळले की वाटेत कुणाला शंकाच आली नाही.

बाबांनी तीनशे डावे, तीनशे उजवे पाठवले. कंपनीचं काम एक पूर्ण पाळी बंद पडलं. एकोणीस वर्षं माल पुरवणारे सावळीराम, म्हणजे आपले बाबा, यादीतून बाहेर. झिपरूकाका पंधरा वर्षं बाबांच्या शेजारी प्रेसवर उभे होते, ते रडत दुसरीकडे गेले. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "मॉडेल बरोबर आहे. तुम्ही मान्य कशाला केलंत?" आणि ठेवून दिलास.

आता पान एकवीस बघ. तूच लिहिलं आहेस: 'एकक भरणं सक्तीचं, काहीही गृहीत धरू नये.' म्हणजे तुला कळलं होतं. गुपचूप दुरुस्त केलंस आणि कंपनीत जाऊन 'चूक आमच्या साच्यातली' एवढं एक वाक्य बोलला नाहीस.

बाबांना वाटतं, आपले डोळे गेले. आठ महिन्यांत दोनदा चष्मा बदलला. आता कुणाच्या फाटकाच्या बिजागऱ्या करतात, त्याही तीनदा मोजतात आणि वर आईकडून मोजून घेतात.

त्यांना असं का वाटतं, हे तू कधी विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. आता सांगते.

ऑर्डर संगणकाच्या पडद्यावर आली तेव्हा 'नग' मी पाहिलं होतं. हे ब्रॅकेट जोडीनंच जातात, हे मला माहीत नव्हतं का? कंपनीला एक फोन पुरला असता. पण त्याच आठवड्यात तुझ्या पुस्तिकेचा पहिला मसुदा आला होता, त्यातही मी नव्हते. मनात आलं, होऊ दे. सगळ्या कंपनीत दादाचं हसं होऊ दे. मी 'मान्य'चं बटण दाबलं आणि शेडच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, ६०० नग. बाबांनी विचारलं, "चैते, औंदा निम्मंच का गं?" मी म्हटलं, फळ्यावर लिहिलंय तेवढंच.

कंपनीनं बाबांना बोलावून झापलं, त्या दुपारी ते परत येण्याआधी मी फळ्यावरचं 'नग' पुसलं आणि 'जोड्या' लिहिलं. ते आले, फळ्याजवळ गेले आणि लिहिलेलं वाचून म्हणाले, "माझंच वाचायचं चुकलं." मी आठ महिने गप्प बसले.

काल हे पत्र इथपर्यंत लिहून झाल्यावर बाबांना वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "मंग माझे डोळे चुकले नव्हते ना?" मी म्हटलं, नाही चुकले. त्यांनी नवा चष्मा काढून डबीत ठेवला आणि शेडमध्ये गेले. कालपासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. आईलाच मागतात.

तुझं पत्र सहीशिवाय परत पाठवते आहे. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी कंपनीला काय घडलं ते लिहिलं आहे, तुझा भाग आणि माझा भाग, काही न गाळता. खाली माझी सही केली आहे. शेजारी तुझी जागा मोकळी सोडली आहे. परिषदेला जायच्या आधी ती भर. आणि ते पत्र टपालानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. आधी बाबांना दाखव, मग आपण दोघं कंपनीत जाऊ.

ती जागा रिकामी ठेवून आलास, तर 'विसरला असेल' असं या घरात कुणी गृहीत धरणार नाही.

तुझी बहीण आहेच, त्याला इलाज नाही,
चैताली