फूटपट्टीने आखलेला प्रवास

३ मार्च
मुलीचा परदेशातून फोन. एकोणीस तारखेस सकाळी शस्त्रक्रियेने बाळंतपण करण्याचे ठरले आहे. आई तर नाही, बाबा, निदान तुम्ही तरी या, असे म्हणाली. ‘निदान’ या शब्दाची नोंद घेतली. तिला आत नेण्यापूर्वी दारात हजर असेन, असे वचन दिले. हिच्या पश्चात सर्व व्यवस्थित सांभाळले आहे, हेही सांभाळेन.

४ मार्च
तिकिटांच्या कचेरीत गेलो. थेट विमान जाताना चौदा तास घेते, येताना सोळा. अंतर मात्र तेच! जाब विचारला, तर तिकीटवाला म्हणतो, काका, वारा असतो ना! हा विमाने विकतो की पतंग? पुढे त्याने पडद्यावर मार्ग दाखवला. पार उत्तर ध्रुवाकडे वळसा. म्हणे, पृथ्वी गोल आहे हो काका! पदवीधर माणसास हे ऐकून घ्यावे लागते.

६ मार्च
भिंतीवरील नकाशावर फूटपट्टी ठेवून रेघ मारली. रेघेवर दोन विमानतळ येतात. तेथे थांबत जाणारे तिकीट काढले. जावई फोनवर म्हणाला, बाबा, याला दुप्पट वेळ लागेल हो. अभियंता आहे; भूमिती कच्ची.

१० मार्च
झोप नाही. गादीचा दोष. एवढ्या मोठ्या पलंगाची मुळात गरजच काय?

१७ मार्च, विमानात
हवाईसुंदरीने घड्याळ पुढे करण्याची सूचना केली. साफ नकार दिला. प्रत्येक गावी वेळ बदलणे हा निव्वळ चंचलपणा. शिवाय हे घड्याळ शेवटचे हिने लावले होते. पण तो मुद्दा गौण.

१८ मार्च, पहिला विमानतळ
माझ्या घड्याळाप्रमाणे दुसऱ्या विमानास भरपूर अवकाश होता. सावकाश गेलो. दार बंद, विमान गेलेले. काउंटरवरील मुलगी ओरडली, अहो आजोबा, किती वेळा नाव पुकारलं तुमचं! होता कुठे? मी अद्याप आजोबा झालेलो नाही, हे तिच्या निदर्शनास आणून दिले. पुढचे विमान उद्या. गलथान कारभार.

१९ मार्च, तोच बाक
जावयाचा फोन. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आत नेईपर्यंत ती दाराकडेच बघत होती, असेही म्हणाला. न विचारलेली माहिती देण्याची त्याला खोड आहे.

२१ मार्च, दवाखाना
पोहोचलो. विमान कंपनी, वारा, तिकीटवाला, सर्वांविरुद्धचे मुद्दे क्रमाने तयार होते. मुलीने आधी विचारले, काही खाल्लंत का? मग बाळ माझ्या हाती देत म्हणाली, आई असती ना बाबा, तर तुम्हाला कानाला धरून थेट विमानात बसवलं असतं तिने.

या विधानात एकही चूक काढता आली नाही. बराच वेळ प्रयत्न केला.