हार्करची लढत मी थांबवली

अटलांटिक सिटी, १४ मार्च २००६

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे. शनिवारी बॉक्सिंगच्या लढतीला डॉक्टर म्हणून माझी ड्यूटी होती. इंग्लंडचा चॅम्पियन हार्कर अकरा वर्षं हरला नव्हता. नवव्या फेरीनंतर मी विचारलं, "आपण कुठे आहोत?" तो म्हणाला, "घरी, लीड्सला." मी लढत थांबवली. त्याचा किताब गेला. लोक खूप ओरडले, पण मला काही झालं नाही. आईला सांगू नका.

हॉस्पिटलात त्याची बायको भेटली. वाटलं, चिडेल. माझा हात धरून म्हणाली, "कुणीतरी थांबवेल म्हणून इतकी वर्षं वाट बघत होते."

तुमच्या हाताची थरथर कशी आहे? रेल्वेकडून बॉक्सिंग खेळायचात, तेव्हा तुम्हाला कुणी थांबवलं नाही. उत्तर आईकडून लिहून घेऊ नका. तुमचं वाकडं अक्षर मला वाचता येतं.

तुमची लेक,
वृंदा